काय नको, ते पहिले सांगा

“पयले सांगा, काय नाही पायजे?”

अद्भुत कादंबऱ्यांच्या कपाटापाशी येणाऱ्या प्रत्येक नव्या वाचकाला आमचे ग्रंथपाल हाच प्रश्न विचारत. विचारताना ते चष्मा काढून त्याची दांडी दातांत धरत आणि उघड्या, किंचित पाणावलेल्या डोळ्यांनी समोरच्याकडे पाहत. काय वाचायला आवडतं, हे सांगायच्या तयारीने आलेला माणूस त्या नजरेपुढे गोंधळून जाई. आपल्याला काय सोसत नाही, याचा विचार आपण कुठे केलेला असतो? तुम्हीही केला नसेल.

भंडाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या वाचनालयात जुन्या कागदाचा गोडसर, ओलसर वास असे. त्यात पुस्तकं बांधायच्या खळीचा आंबूस वास मिसळलेला. ही खळ ते पितळेच्या एका जुन्या पेल्यात कालवत. मी शहापूरहून कॉलेजात शिकवायला येई आणि परतीच्या वाटेवर तासभर तिथे टेकत असे. आता त्यांच्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ बसतात. नाव विचारतात, नोंद करतात, पुस्तक देतात. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी कपाटापुढे उभी राहिले की माझे कान अजून त्या प्रश्नाची वाट पाहतात.

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर त्यांचे जुने वाचक होते. उडत्या गालिच्यांवर त्यांचा फार जीव. पण प्रत्येक पुस्तक परत करताना त्यांची तक्रार ठरलेली: “हा गालिचा कोणत्या टायमाले सुटते, हे लेखकानं लिवलंच नाही, जी.” ग्रंथपाल गंभीरपणे मान हलवत आणि पुढच्या वेळी वेळ पाळणारा गालिचा शोधून ठेवत. भाताच्या गिरणीचे एक मालक आले, तेव्हा त्यांनी सांगितलं, “राक्षस चालते, भूत चालते. राजा नाही पायजे. मोठा भाऊ हाये घरी, तो पुरे.” बिनराजाची अद्भुत कादंबरी शोधायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस ग्रंथपाल स्वतःच्याच घरातलं काही हरवल्यासारखे अस्वस्थ होते.

हे सारं त्यांना जमे ते एका रिवाजामुळे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी, तारखांच्या चिठ्ठीखाली, त्यांनी एक कोरा कागद डकवलेला असे. पुस्तक परत करणाऱ्याने पुढच्या वाचकासाठी त्यावर पेन्सिलीने एक ओळ लिहायची. ‘मध्यभागी कुत्रं मरते.’ ‘आगीचं वर्णन लांब आहे.’ ‘सावत्र आई फार छळते.’

“शेवट नका सांगू,” ते बजावत. “मांगून येणारा अंधारात पाय टाकते. खड्डा कुठं हाये, तेवढं सांगा.”

माझ्या ओळी वाचून ते हसत. “मॅडम, कविता नका करू. काय होते, ते लिवा.” मीही हसे, पण आत कुठेतरी दुखावत असे. कवितेवर वाढलेलं माझं मन. कुत्रं मरतं, एवढंच लिहून हात थांबवणं मला जड जाई.

कारध्याहून पुलावरून सायकलने येणारी एक मुलगी होती, नववीतली. आदल्या श्रावणात तिचा मोठा भाऊ वैनगंगेत बुडाला होता. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली, जेवण कमी झालं. पुस्तकं मात्र हावरटासारखी वाचू लागली, आणि तीही अद्भुतच. ग्रंथपालांनी तिला काय नको, हा प्रश्न कधी विचारला नाही. वर्षभर त्यांनी तिला वाळवंटांची, बर्फाच्या डोंगरांची, ढगांवरच्या गावांची पुस्तकं दिली. एका दुपारी मी त्यांना कपाटासमोर जमिनीवर बसलेलं पाहिलं. भोवती वीसेक पुस्तकं उघडी पडलेली.

“काय शोधून राहिले?”

“विहीर नसलेलं पुस्तक,” ते म्हणाले. “एवढे जादूगार, मॅडम, पण सारे पाणी पिऊन राहिले.”

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली. काळा चष्मा लावून ते खुर्चीवर येऊन बसत आणि वाचकांकडूनच शेवटच्या पानावरची ओळ मोठ्याने वाचून घेत. त्या महिन्यात देणगीतून आलेली नवी पुस्तकं त्यांनी स्वतः पाहिलीच नव्हती. त्यांतलं एक मी सर्वांत आधी वाचलं होतं आणि शेवटच्या पानावर लिहून परत केलं होतं.

एका शनिवारी चारच्या सुमारास मी गेले, तेव्हा ते प्रसन्न होते.

“तुमची कविता आज कामी आली, मॅडम. सकाळीच कारध्याची पोरगी आली होती. तिनंच मले वाचून दाखवलं. ‘या नगरात हरवलेली माणसं भेटतात आणि तिथली शांतता परत येऊ देत नाही.’ नोंदीले मांगलं, तरी पोरीनं पुस्तक हातचं सोडलं नाही, जी! वर्षभरात पयल्यांदा तिचं हसणं ऐकलं.”

मी पिशवीतून स्कूटीची किल्ली काढली.

माझ्या चेहऱ्यावर काय झालं, ते त्या काळ्या काचांतून त्यांना दिसलं नसावं. पण किल्लीचा आवाज त्यांनी ऐकला. “मॅडम, ते नगर हाये कुठं?”

“पाण्याखाली,” मी म्हटलं. “नदीच्या तळाशी. बहीण भावाला शोधायला पायरी पायरीने नदीत उतरते.”

ते उठले. खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

“काहून नाही लिवलं ते?”

मी त्यांचा हात धरून बाहेर पडले.

माझ्या स्कूटीवर मागे ते बसले. वाचनालयाला कुलूप लावलं की नाही, हे दोघांनाही आठवत नव्हतं. पुलावर वाऱ्याला कापलेल्या धानाचा वास होता. धरणाचं पाणी मागे साचल्यापासून इथली नदी वाहताना दिसत नाही; रुंद आणि मुकी होऊन पडून असते. मी पाण्याकडे पाहायचं टाळत होते. मागून त्यांचा आवाज येई, “दिसते का कोणी? घाटावर पाहा, मॅडम. मले नाही दिसत.” मी म्हणे, नाही, आणि त्या नाहीचा अर्थ काय घ्यायचा, हे दोघांनाही कळत नसे.

मुलीची आई अंगणात सुपाने धान उपणत होती. तिने पदराने तोंडावरचा भुसा पुसला. “पुस्तक घेऊन घाटाकडे गेली आताच. काहून जी, काका?”

“काही नाही, बाई. पुस्तकावर शिक्का मारायचा राह्यला होता,” ते म्हणाले. इतकं सहज खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मुलगी घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. तिच्या पावलांखाली दोनच पायऱ्या कोरड्या होत्या. त्याखाली जलपर्णीची हिरवी किनार आणि पाणी. मी हाक मारणार, तोच त्यांनी माझा दंड दाबला. मग एक हात भिंतीला लावून, प्रत्येक पायरी पायाने चाचपत ते खाली उतरले. तिच्यापाशी थांबले नाहीत. तिला ओलांडून आणखी खाली गेले आणि तिच्या व नदीच्या मधोमध बसले. त्यांचे बूट पाण्यात बुडाले.

“कुठवर आलं, बेटा?”

“ती उतरून राह्यली, काका. कमरेपर्यंत आलं पाणी.” तिने वर पाहिलं नाही. “आणखी चार पानं हायेत.”

“मोठ्यानं वाच. माह्या डोयाले मनाई हाये.”

तिने वाचलं. एक पान, दुसरं पान. मी दोन पायऱ्या वर उभी होते, आणि ज्या वाक्यांवर मी भाळले होते तीच वाक्यं त्या कोवळ्या, सपाट आवाजात ऐकताना माझ्या अंगावर काटा येत होता. पाण्याखाली दिवे लागले. घंटा वाजल्या. भावाने हात पुढे केला. तिथे मुलगी वाचायची थांबली.

“परत येते का ती?”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. त्या काळ्या काचांत सारा घाट उलटा दिसत होता.

“सांगा, मॅडम. कविता नका करू.”

“नाही येत,” मी म्हटलं. “ती बुडते.”

मुलीने पुस्तक मिटलं. त्यांनी तिला हात लावला नाही; फक्त आणखी ताठ बसले, जणू पाठीने नदी झाकत होते.

“वाटलंच मले,” ती म्हणाली. “लिवणाऱ्यानं पाह्यलं नसंन. दादाले काढलं, तवा मी इथंच होती. नाकात रेती होती त्याच्या. खाली शहर-बिहर काही नसते, काका.” मग आवाज अगदी खाली गेला. “पण दोन पानं वाटलं, असंन.”

“हो, बेटा.”

“दुसरं देजा मले. नदी असली तरी चालते. तुम्ही विहिरीसुद्धा काढून टाकता, माहीत हाये मले.”

त्यांच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला. काळ्या चष्म्याखालून गालावर काहीतरी ओघळलं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं. मला भीती वाटली, तीही त्यांच्यासाठी.

ती उठली. फ्रॉकची धूळ झटकली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि दोन पायऱ्या चढून गेली. ग्रंथपाल मात्र तिथेच बसून होते. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. ओल्या शेवाळावर बूट घसरला. ते पुन्हा बसले.

“पायातलं बळच गेलं,” ते म्हणाले. “मले उठव, बेटा.”

मी पुढे झाले, पण ती माझ्याआधी खाली गेली. एक पाय पाण्याच्या काठाशी घट्ट रोवून तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि दात आवळून, सगळा जोर लावून, त्यांना वर ओढून घेतलं.