देवनहळ्ळीची गृहभेट

आमच्या कंपनीचा एक मदत निधी आहे. निवृत्त झालेले, आजारपणाने घरी बसलेले, अपघातात हातपाय गमावलेले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं, यांच्यासाठी. अर्ज आला की समितीतल्या कुणीतरी घरी जाऊन परिस्थिती बघायची आणि पानभर अहवाल लिहायचा, असा नियम. मी त्या समितीवर आहे. अजूनही आहे, हे लिहिताना लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी देवनहळ्ळीहून एक अर्ज आला. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपमधला आमचा जुना कामगार, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. बायकोने मागितलं होतं ते एवढंच की रोज घरी येऊन व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट मिळावा आणि दिवसा त्यांना उचलायला-बसवायला एक माणूस. सुधारणा व्हायची ती पहिल्या काही महिन्यांतच होईल, असं डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. ही भेट खरं तर स्टोअरमधल्या माझ्या कन्नड सहकाऱ्याच्या वाट्याची. पण अर्जावर मराठी आडनाव दिसलं आणि मी ती मागून घेतली. आपली माणसं आहेत, माझ्याशी मोकळेपणाने बोलतील, असं मी त्याला ऐटीत सांगितलं. इलेक्ट्रॉनिक सिटीहून देवनहळ्ळी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. सुटलो म्हणून त्याने मला कॉफी पाजली.

मी आदल्या दिवशी फोन केला, तोही मराठीतून. गेले तर दारात रांगोळी. बाई इरकली साडी नेसून तयार, मागे लग्नाच्या वयाची मुलगी. नवरा पुढच्या खोलीत खुर्चीत ताठ बसलेला, इस्त्रीचा शर्ट, वर शाल. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी घशातून कसलासा आवाज काढला. मी तो नमस्कारच धरला.

मग मी बैठक मारली. माझ्या जिभेला हाड नाही. माहेर कुठलं, कुलदैवत कुठलं, आजोबा कुठल्या पेठेत दुकान चालवायचे, सगळं विचारून झालं. दहा मिनिटांत निष्पन्न झालं की मुलीला जे स्थळ सांगून आलं होतं, ते जयनगरच्या माझ्या चुलत सासूबाईंच्या नात्यातलं. मला कोण आनंद झाला. बाईंचा चेहरा त्या क्षणी उतरला होता आणि तो मला दिसला होता. पण मी तोवर पुढच्या नात्यावर पोचले होते.

त्यानंतर त्या दुखण्याबद्दल आपणहून काही बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "सरी चाललंय अक्का, बरं आहे. आता स्वल्प बसताही येतं त्यांना." चिरोटे झाले, दुसऱ्यांदा कॉफी झाली. खुर्चीतून तो आवाज अधूनमधून येत होता. तुम्हाला बघून बरं वाटतंय त्यांना, असं बाई म्हणाल्या आणि मला ते पटलं. निघताना त्यांनी माझी ओटी भरली. मी दोन तासांवर बसले होते.

अहवालात मी लिहिलं: कुटुंब सुस्थितीत, रुग्ण आधाराशिवाय बसू शकतो, तातडीची गरज दिसत नाही. अर्ज मागे पडला. आपल्या माणसांची तरफदारी केली नाही, म्हणून मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

आठ महिन्यांनी पुन्हा अर्ज आला. मधल्या काळात मुलीचं लग्न त्याच स्थळाशी झालं होतं. मी अक्षता टाकून, जेवून आले होते. या खेपेला सहकारी गेला. परत आल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघेना. बाईंनी त्याला दारातच, कन्नडमधून, सगळं सांगितलं होतं. नवऱ्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, उजवा हात छातीशी आखडला होता, एकटीने त्यांची कूस बदलून देताना बाईंची स्वतःची कंबर गेली होती. आणि मी गेले त्या दिवशी मायलेकींनी त्यांना जुन्या लुगड्याने खुर्चीला बांधून वर शाल घातली होती. तो आवाज सोडवा म्हणून होता.

मदत आठवड्याभरात सुरू झाली. आता आहे तेवढं टिकवायचं, उभं राहणं काही होणार नाही, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं.

मला आधी बाईंचाच राग आला. झाकली मूठ सव्वा लाखाची हे मलाही कळतं, पण नवऱ्याच्या पायांपेक्षा का मूठ मोठी? हा राग दोन दिवसही टिकला नाही. परक्याला सांगता येतं ते सोयऱ्याला सांगता येत नाही, हे माझ्या घरात मी लहानपणापासून बघत आले होते. त्या घरी कंपनीचं माणूस यायला हवं होतं आणि मी व्याह्यांकडची होऊन बसले. माझ्या बडबडीची किंमत त्या माणसाच्या अंगाने मोजली.

माफी मागायला एका रविवारी न कळवता गेले. दिवसाचा माणूस सुट्टीवर होता. खिडकी उघडी होती. बाईंनी मला गल्लीतून येताना पाहिलं असणार, कारण मी फाटकाशी पोचले तेव्हा त्या नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांना पलंगावरून उठवायला बघत होत्या. नवऱ्याची मान मागे कलंडली होती. राहू द्या, मी बाहेरूनच बोलते, असं मी म्हणाले.

"दोन मिनिटं थांबा अक्का," बाई धापा टाकत म्हणाल्या. "मुलीच्या सासरचं माणूस तुम्ही. असे कसे भेटतील ते?"

मी तिथूनच मागे फिरले. वळणापर्यंत अक्षरशः पळत गेले, म्हणजे बाईंनी त्यांना परत निजवावं.