वहिनीची किल्ली

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगीन सांगीन म्हणता आई गेली. दादापुढे तोंड उघडायची हिंमत आजही नाही. तुम्ही ना सुप्याचे, ना आमच्या नात्यातले, म्हणून तुमच्याजवळ बोलते. तसं बघायला गेलं तर आहे काय त्यात? एक कॉम्प्युटर सुरू झाला नाही. झालं.

सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. जामखेडकडच्या खेड्यातली, दहावी झालेली. लग्न होऊन सुप्याला आली तेव्हा तिचं 'लई' आणि 'न्हाई' ऐकून गल्लीतल्या बायका गालात हसायच्या. तीही हसायची — रागवायचं तिला कधी जमलंच नाही. दादा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनवर होता. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यातला एक त्यानं घरी आणला. माझ्यासाठी. मी तेव्हा एसटीनं नगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे ना! घरात काय रुबाब होता माझा म्हणून सांगू. टीव्हीला मुंग्या आल्या तरी आई मलाच हाक मारायची.

भाकरी उरकल्या की वहिनी पदराला हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहायची. बघू का, म्हणायची. मीच तिला शिकवलं. कौतुकानं, जवळ बसवून — हे खोटं नाही. पण ती बया शिकली किती भराभरा! मी अजून एकेक अक्षर शोधत बोट फिरवत होते आणि ती खाली न बघता ज्वारी, तूरडाळ, मटकी असं अख्खं स्वयंपाकघर इंग्रजी अक्षरांत टाईप करायची. मला आनंद व्हायचा. व्हायचाच. आणि त्या आनंदाच्या बुडाशी आणखी काहीतरी असायचं — त्याला काय म्हणू? जळत होते मी. घ्या, म्हटलं.

तेवढ्यात दादाच्या ऑफिसात टायपिंगला बाई पाहिजे होती. तिथले हेडक्लार्क काका आमच्या घरोब्यातले. ते म्हणाले, दसऱ्याला सोनं द्यायला येतो, तेव्हा बघतो तुझ्या मंडळींचा हात. झालं! वहिनीचे पाय जमिनीवर राहीनात. "वन्सं, मला टेबल-खुर्ची मिळंल व्हय?" असं म्हणून तोंडावर पदर धरून हसली होती. माहेरात तिच्या आईनं जन्मात खुर्ची वापरली नव्हती. तिचं ते हसू मला इतकं आवडलं होतं, की मी तिला मिठीच मारली. हे का सांगते? माझं तिच्यावर प्रेम होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून. आणि प्रेम असूनही माणूस असं करू शकतं, हेही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळी, कोयता, दादाचे पाने, शिलाई मशीन. एकदा पुजलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. वहिनीनं त्यात कॉम्प्युटरही घेतला. झेंडूची माळ घातली आणि कुंकवाचं बोट लावलं ते नेमकं फ्लॉपी घालायच्या फटीवर. आई म्हणाली, अगं, ते तोंड आहे त्याचं, कपाळावर लाव की! सगळे हसलो. वहिनीनं वर कपाळावरही एक बोट लावलं.

आता माझं ऐका. त्या दुपारी ती पुरण वाटत होती आणि मी गाड्यांचा खेळ खेळत होते. मैत्रिणीनं त्याची फ्लॉपी, म्हणजे चपटी डिस्क, दिली होती. पूजेला बोलावलं तसा मी घाईनं कॉम्प्युटर बंद केला. फ्लॉपी आतच राहिली. आणि क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेलं असतं — फ्लॉपी काढल्याशिवाय बंद करायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी कॉम्प्युटर आपली सुरुवात त्या फ्लॉपीतच शोधत बसतो. सापडत नाही, आणि मग अडतो.

दसऱ्याला काका आले. चहा झाला. वहिनी हिरवी साडी नेसून, अंग चोरून खुर्चीवर बसली. दादानं बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी ओळ, आणि मशीन गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. "एरर म्हणतंय की हे," काका म्हणाले. दादाची नजर त्या कुंकवावर गेली. वहिनी मात्र पुढं वाकून, ओठ हलवत ती ओळ वाचत होती, आणि एकदम म्हणाली, "किल्ली मागतंय का वो हे?"

काय हसले सगळे! मीपण हसले. आणि हसता हसताच मला दिसलं — फटीशेजारचं बारकं बटण बाहेर आलेलं होतं. म्हणजे आत फ्लॉपी होती. माझी.

किती सोपं होतं सांगा? पुढं व्हायचं, ते बटण दाबायचं, म्हणायचं, अगंबाई, माझीच राहिली की! दादानं टपली मारली असती. 'वा गं कॉम्प्युटरवाली' म्हणून काका हसले असते. तेवढंच. पण तेवढंही मला सोसवेना. दादा म्हणाला, तू वाच गं, काय म्हणतंय? मी म्हणाले, "आत काहीतरी गेलंय म्हणतंय."

कुंकू हा शब्द मी उच्चारला नाही. मी फक्त तिकडे बघितलं. पुरलं तेवढं.

काकांनी, असू द्या, सणासुदीचं चालायचंच, पुढं बघू, असं म्हणून चपला घातल्या. आपल्याकडे 'पुढं बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दादा ओरडला नाही. खाली बघून म्हणाला, "आता परत हात लावू नकोस त्याला." मग मी कॉम्प्युटर आत नेला, दार लोटलं, फ्लॉपी काढून ओढणीत घेतली आणि उगाच ब्रश फिरवत, फुंकर मारत बसले. सुरू केला. झाला सुरू. न होऊन जातोय कुठं? आईनं माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली.

संध्याकाळी वहिनी आपट्याची पानं घेऊन आली. नात्यानं ती थोरली, वाकायचं मी. पण तिनंच माझे हात धरले. डोळे भरलेले. "तुमी हुत्या म्हनून वाचलं, वन्सं. न्हाईतर ह्यांचं मशीन माज्या हातानं गेलं हुतं." सोनं माझ्या तळव्यावर ठेवलं. मी घेतलं.

उद्या सांगू म्हटलं. उद्या उजाडला की पुन्हा उद्या. तिकडे ऑफिसात दुसरी कुणी लागली. वहिनी त्या खुर्चीवर परत बसली नाही. पुसायचं झालं तरी फडकं टेबलाच्या कडेकडेनं फिरवायची. मी बोलवायचे हो, या ना वहिनी म्हणून! "नगं बाई, माजा हात वाईट हाय त्याला," म्हणायची. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी टाईप करत राहायचे. वय लहान होतं वगैरे मी म्हणणार नाही. खोटं काय असतं ते त्या वयात चांगलं कळतं.

तिची किल्ली मात्र घरात कायमची राहिली. मिक्सर बंद पडला, मोटार अडली, की कुणीतरी म्हणतंच, वहिनी, किल्ली आणा! सगळ्यांत मोठ्यानं तीच हसते. केस पांढरे झाले, सून आली, तरी हसते. गेल्या खंडेनवमीला सुनेचा लॅपटॉप पाटावर ठेवला होता. वहिनीनं कुंकू त्याच्यापुढच्या पाटाला लावलं आणि लांबूनच हात जोडले. भाचा म्हणाला, आई, किल्ली विसरली का? पुन्हा हशा. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिनं सोनं दिलं, तेही घेतलं.

त्या काळ्या पडद्यावर काय होतं, ते मला आजही पाठ आहे. चुकीची डिस्क घातली आहे, ती बदला आणि कुठलीही की दाबा. इंग्रजीत 'की', म्हणजे किल्लीच, लिहिलं होतं तिथं. वहिनीनं बरोबर वाचलं होतं.