ताईच्या नावावरची कंपनी

माझी ताई एका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची मालक आहे, हे तिला सरकारी माणसांकडून कळलं. त्याआधी तिची समजूत अशी, की आपण शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालतो, घरी येऊन स्वयंपाक करतो आणि नवरा पुढे करेल त्या कागदावर सही करतो. मी एकदा म्हटलं, "अगं, सही करण्याआधी वाच तरी." तर म्हणे, "नवऱ्याच्या कागदात काय वाचायचं?" मी कपाळाला हात लावला. लहानपणापासून ही अशीच. वर्गातल्या मैत्रिणी हिचा डबा खायच्या आणि वर हिलाच धुवायला लावायच्या.

आमचे भावजी म्हणजे ताईचे यजमान. लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं घ्यायचे. दिसायला मोठे शहाजोग. कुठल्याही समारंभात भेटले की सुस्कारा टाकून सांगायचे, "धंद्यात काही राम नाही हो, गळेकापू स्पर्धा आहे." ही गळेकापू स्पर्धा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्यांच्याच दिवाणखान्यात भरायची. भावजी आणि त्यांचे तीन मित्र, प्रत्येकाची एकेक कंपनी. पुढची निविदा निघाली की कोणाची पाळी ते आधीच ठरायचं. ज्याची पाळी तो भाव लिहायचा, बाकीचे त्याच्याहून चढे भाव लिहायचे, आणि निविदा उघडताना सगळे एकमेकांकडे जन्मात न पाहिल्यासारखे बसायचे. चोर चोर मावसभाऊ, दुसरं काय.

चारच कंपन्या दर वेळी दिसल्या तर कोणाला तरी वास येईल, म्हणून भावजींनी पाचवी काढली. ती ताईच्या नावावर. ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायची तेव्हा पाचवा प्रतिस्पर्धी बैठकीला हजर व्हायचा, फक्त ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. साखर कोणाला किती लागते ते मात्र तिला पाठ होतं.

"यात कोणाचं नुकसान आहे सांग बरं," असं भावजी मला एकदा म्हणाले होते. आमची आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा सरकारी इस्पितळात दोन वॉर्डबॉयनी तिला खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं. लिफ्ट बंद होती. देखभाल भावजींच्या मित्राकडे. मजल्यामजल्याला खुर्ची टेकवताना आई विव्हळत होती आणि भावजी खाली फोनवर बोलत उभे होते. नुकसान कोणाचं, हे मी त्यांना तिथंच सांगायला हवं होतं, पण ताईच्या तोंडाकडे पाहून गप्प बसले.

त्याच इस्पितळाच्या लिफ्टनं त्यांना गोत्यात आणलं. लिफ्ट पुरती नव्यानं दुरुस्त करायची निविदा निघाली. जागा पाहून भाव द्यायचा, अशी अट. पाचजणांनी पाहायला कशाला जायचं, एकानं गेलं तरी पुरे, असं ठरलं आणि भावजींच्या ज्या मित्राला सगळे खोकल्या म्हणतात, त्याला पाठवलं. खोकल्या गेला. लिफ्ट बंद. आता आयुष्यभर लिफ्टवर पोट भरलेला माणूस जिने कशाला चढेल? त्यानं रस्त्यावर उभं राहून खिडक्यांच्या रांगा मोजल्या. सात मजले, म्हणजे लिफ्टला सात दारं. आला, सांगितलं, चहा प्यायला.

पण त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दारच नाही. तिथं फार पूर्वी औषधांचं कोठार केलं आणि दार विटांनी बुजवून टाकलं. लिफ्टला दारं सहा. आणि पाच वेगवेगळ्या कंपन्यांनी, जागा स्वतः नीट पाहिल्याचं लेखी देऊन, सात दारं बदलायचा भाव दिला. त्यात माझी ताईसुद्धा. इस्पितळाच्या इंजिनिअरनं ते पाच कागद शेजारी शेजारी ठेवले आणि उचलून, कंपन्यांच्या संगनमतावर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाकडे धाडले. त्यासाठी फार डोकं लागलं असेल असं मला वाटत नाही.

मग एका सकाळी आयोगाची माणसं सूचना न देता दारात उभी. कायद्यानं त्यांना तसं येता येतं. सगळ्या कंपन्यांवर एकाच वेळी धाड, म्हणजे एकाला दुसऱ्याला फोन करायला सवड नको. भावजी अंघोळीला गेलेले. अधिकारी बाईंनी ताईला विचारलं, "कंपनीच्या मालक आपणच ना?" ताई म्हणाली, "नाही हो, ते आत आहेत." बाईंनी तिला तिचीच सही दाखवली. ताई खुर्चीत बसली ती बराच वेळ उठली नाही. बाई कठोर नव्हत्या. जाताना त्यांनी समजावून सांगितलं, की जो सगळ्यात आधी स्वतःहून येऊन पुराव्यासकट खरं सांगेल त्याला दंड माफ होऊ शकतो, मागून येणाऱ्याला थोडी सूट, उरलेल्यांना पुरता. दार लोटताच भावजी म्हणाले, "आपल्यात फूट पाडायला बघतात."

संध्याकाळी भावजी धरून चौघेही जमले. सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. तोंडं शिवून बसायची, कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, असं एकमेकांचे हात हातात घेऊन ठरलं. निरोप घेताना खोकल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हे लोक खरेखुरे रडू शकतात, याची मला गंमत वाटते.

ते गेल्यावर भावजींनी ताईला जवळ बसवलं. मी तिथंच होते, मला काय भिंतीतली खुंटी समजले असतील. म्हणाले, "तू एवढंच सांग, की सगळं तूच ठरवलंस, आम्हाला पत्ता नव्हता. बाईमाणसाला फारसं करत नाहीत."

"आणि दंड?" मी विचारलं.

"तो बसेल थोडाफार. वसूल करायला हिच्या नावावर आहेच काय? त्या दोन खोल्या. नाहीतरी पडूनच आहेत."

त्या दोन खोल्या आमच्या वडिलांनी ताईच्या नावावर ठेवल्या आणि त्यांत आमची आई राहते. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते, परत येते. पडून आहेत म्हणे. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईनं माझा हात दाबला. भावजींना म्हणाली, "बरं." मला तिचा इतका राग आला की चप्पल घालून सरळ घरी निघून आले. म्हटलं, मर तिकडे, धू सगळ्यांचे डबे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "माझ्याबरोबर जरा येतेस का?" कुठे ते सांगेना. बसमधून उतरलो तर समोर आयोगाचं कार्यालय, फाटक नुकतं उघडत होतं.

आत ताई बोलायला लागली आणि मी बघतच राहिले. बैठकीला कोण कोण यायचं, कोणत्या लिफ्टला कोणाची पाळी होती, कोण कोणावर रुसला आणि त्याची समजूत कशी काढली, सगळं. इतकी वर्षं चहा देताना ते तिच्यासमोर खुशाल बोलायचे. ट्रे घेऊन येणाऱ्या बाईला कान असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. अधिकारी बाईंनी विचारलं, "कंपनीच्या मेलचा पासवर्ड माहीत आहे?" ताईनं अंदाजानं स्वतःची जन्मतारीख घातली. उघडला. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या बहिणीची जन्मतारीख भावजींच्या लक्षात राहिल्याचा तेवढा एकच पुरावा. आत चौघांचे मेल होते, सात दारांसकट.

बाईंनी तिच्या अर्जावर पहिला म्हणून शिक्का मारला. अंतिम निर्णय आयोगाचा, पण ती खरं बोलत राहिली तर दंडाची भीती धरायचं कारण नाही, असं म्हणाल्या. खोल्या वाचल्या. मला तिथंच रडू आलं, ताईला नाही.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर खोकल्या. आम्हाला बघून त्याला ठसका लागला. त्याच्या मागे दुसरा मित्र, वकिलाला घेऊन. तिसरा रिक्षातून उतरत होता. हातात हात घेऊन शपथा घातल्याला जेमतेम एक रात्र सरली होती. आणि फाटकातून घाईघाईनं, छातीशी फाइल धरून, आमचे भावजी. ताईला सकाळीच सांगून ठेवलं होतं, की दात दुखतोय, डॉक्टरकडे जायचंय.

ताईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मग सावरून, रोजच्या आवाजात म्हणाले, "तू इथं काय करतेस? चल घरी, बोलू आपण."

"नाही जमणार," ताई म्हणाली. "आतल्या बाईंनी बजावलंय. चौकशी संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीच्या मालकांशी बोलायचं नाही."

आणि ती माझा हात धरून आईकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.