आधी चाखा, मंग बोला

जो पदार्थ स्वतः चाखलेला नाही, त्याच्यावरचा इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचा नाही, असा नियम पाळणारा इंग्रजीचा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. कामरगावात त्यांना सगळे 'चाखा सर' म्हणत. म्हणजे पाठीमागे म्हणत, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. एकदा जीपमधून उतरलेल्या कुणा पाहुण्याने नेमकं त्यांनाच विचारलं, "चाखा सरायचं घर कुठीसा हाय?" सर म्हणाले, "चाला, मीही तिकडंच जाऊन राह्यलो." त्याला घरी नेलं, बसवलं, चहा पाजला, आणि कप खाली ठेवल्यावर सांगितलं की तो मीच.

सर हायस्कूलमधून निवृत्त झाले होते. घराला लागून एक टिनाचं शेड होतं, तिथे रविवारी सकाळी आमची इंग्रजीची शिकवणी भरायची. भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग'. पुडिंग आमच्यापैकी कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. सरांनीही पाहिलं नव्हतं. पण म्हणून ते अडले नाहीत. त्यांनी पुस्तकातून कृती काढली, त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, दूध, साखर आणि मक्याचं पीठ आणून दिलं, आणि जे काही तयार झालं ते आधी स्वतः खाल्लं, मग आम्हाला दिलं. काकू दारातूनच म्हणाल्या, "याच्यापक्षा माही खीर काय वाईट होती?" सर म्हणाले, "खीर चांगलीच हाय. पन तिच्यावर इंग्रजाले म्हण सुचली नाई, त्याले मी काय करू?" मग त्या वाक्याचा मराठीत अर्थ सांगायची वेळ आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी चाखा, मंग बोला." नाव पडलं ते तिथून.

'हॉट पोटॅटो' शिकवला तो दिवस आमच्यापैकी कुणीच विसरणार नाही. काकूंनी आलू उकडले होते. सरांनी पातेल्यातून एक काढला आणि पहिल्या ओळीतल्या पोरीच्या हातावर ठेवला. तिने किंचाळून तो दुसरीला दिला, दुसरीने तिसरीला, आणि तो आलू शेडभर फिरून परत सरांकडे आला. "कोणीच ठेवून नाई घेतला ना?" सर हाताला फुंकर घालत म्हणाले. "गावात जे भांडण कोणाच्याच हातात टिकत नाई, सरपंच तलाठ्याकडे ढकलते अन् तलाठी सरपंचाकडे, त्याले म्हनतात हॉट पोटॅटो." मग सगळ्यांनी मीठ-तिखट लावून आलू खाल्ले. आजही एखादी अवघड तक्रार कुणी माझ्यावर ढकलली की माझे तळवे आधी गरम होतात.

दुसरा नियम असा, की प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला घरून एक जोडीदार आणायचा. आजी, आई, मामी, कुणालाही विचारा, पण आपल्या चुलीजवळची म्हण आणा. 'स्पिल द बीन्स'च्या वेळी सरांनी बरबटीचे, म्हणजे चवळीचे, दाणे मुद्दाम जमिनीवर सांडले आणि आम्हाला वेचायला लावले. मी आईकडून 'तोंडात तीळ भिजत नाही' घेऊन गेले होते. सर खूश झाले आणि म्हणाले, "बरोबर मानसाच्या हातून बरोबर म्हण आली." सगळा वर्ग हसला, कारण माझ्या तोंडात तेव्हा तीळ काय, पाण्याचा थेंबसुद्धा टिकत नसे. वेचलेले दाणे पुन्हा डब्यात भरून सर म्हणाले, "सांडलेलं वेचता येते, माय. सांगतलेलं नाई वेचता येत." ते दाणे त्याच दुपारी काकूंनी शिजवले.

आमच्या डब्यांवर सरांचा पहिला हक्क असे. कुणाचाही डबा असो, गावातला असो की तांड्यावरचा, सर पहिला घास घेत आणि तो डबा तसाच पुढे फिरे. त्यामुळे कुणी कुणाचं खायचं नाही, ही भानगड आमच्या शेडमध्ये कधी शिरलीच नाही. खाऊन झालं की प्रत्येकाने चव इंग्रजीत सांगायची. 'नाइस' आणि 'टेस्टी' या शब्दांना मात्र सक्त बंदी होती. माझ्या बाबांच्या मळ्यातल्या वांग्यांची भाजी मी एकदा 'व्हेरी टेस्टी' म्हणून मोकळी झाले, तर सर चिडले. "तुह्या बापानं उन्हातान्हात वांगे पिकवले अन् तू त्याले दोन शब्दात गुंडाळून टाकलं? गोड हाय का, तुरट हाय का, बिया लागतात का, सांग!" मी सांगायला लागले आणि अर्ध्यातच माझे इंग्रजी शब्द संपले. त्या आठवड्यात मी शब्दकोशात जेवढे शब्द शोधले, तेवढे परीक्षेसाठीही कधी शोधले नाहीत.

वर्गात निर्मला नावाची एक मुलगी होती. तिचे आईवडील हंगामात ऊसतोडीला जात, म्हणून ती तांड्यावरून कामरगावात मामाकडे राहायला आलेली. भाकर थापण्यात ती मोठ्या बायांना मागे टाकायची, पण बोलायची वेळ आली की मान खाली. सर तिला कधी उभं करत नसत. तिचा डबा चाखायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हिची भाकरच बोलते, हिले घाई नाई." मला मनातून वाटायचं की हिला इंग्रजी येणं कठीणच आहे.

सरांचा नियम त्यांच्यावरच उलटला तो 'चॉक अँड चीज'च्या वेळी. दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक असला की इंग्रज खडू आणि चीजचं नाव घेतात. सरांनी ते पान सरळ ओलांडलं. आम्ही विचारलं, "काहून सर?" तर म्हणाले, "खडू चाखला हाय, शाळेत सगळेच चाखतात. चीज नाई चाखलं. मले अर्धंच वाक्य येते." वर्ष-दीड वर्ष ते अर्धंच राहिलं. शेवटी त्यांचा मुलगा अमरावतीहून चीजची डबी घेऊन आला. सरांनी एक तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, मग कपाटातला खडू काढून तोही जरा चाटला. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. "फरक हाय," सर गंभीरपणे म्हणाले, "पन खडू खारट तरी नाई."

मग कोरोना आला. सर आणि काकू दोघंही आजारी पडले आणि दोघंही बरे झाले. मात्र सरांच्या तोंडाची चव गेली आणि नाकाचा वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. गावात ज्यांची ज्यांची गेली होती त्यांची आलीसुद्धा. सरांची आली नाही. टाळेबंदी उठली, शाळा उघडल्या, एसटी सुरू झाली, तरी शेडचं कुलूप काही निघेना. आम्ही विचारायला गेलो तर सर खाटेवर बसलेले, सदरा अंगावर ढगळ झालेला. काकू हळूच म्हणाल्या, "अर्धी भाकर खातात अन् उठतात. म्हनतात, माती खाल्ल्यावानी लागते."

"सर, शिकवणी कधी?" मी विचारलं.

"आता कायची शिकवनी, माय?" सर म्हणाले. "मीच तं नियम केला. आधी चाखा, मंग बोला. आता मले चॉक अन् चीज दोन्ही सारखेच."

हसणारे सर आम्हाला ठाऊक होते, चिडणारे ठाऊक होते. हे सर ठाऊक नव्हते. आम्ही परत निघालो. मला खरं सांगायचं तर शिकवणी बंद पडल्याचं दुःख नव्हतं, सर असेच वाळत जातील याची भीती वाटत होती. मळ्याच्या वळणावर निर्मला थांबली आणि म्हणाली, "तुह्या मळ्यातले वांगे दे मले. मोठे दे, भरताचे."

रविवारी आम्ही डबे घेऊन सरांच्या घरी गेलो. निर्मलाने चुलीवर वांगी भाजून कांद्याची पात घातलेलं भरीत केलं होतं. तिने सरांच्या पुढ्यात ताट मांडलं. सर म्हणाले, "कायले मेहनत केली, माय? वाया जाते." निर्मला त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिने स्वतः एक घास घेतला, सरांनाही घ्यायची खूण केली, आणि मान वर करून इंग्रजीत बोलायला लागली.

"फर्स्ट, स्मोक," ती म्हणाली. "लाइक मॉर्निंग इन माय तांडा. देन सॉल्ट. देन... वेट, सर. वेट."

सर घास तोंडात धरून थांबले. खरंच थांबले.

"नाऊ द चिली कम्स. फ्रॉम बॅक साइड. अँड द ओनियन इज नॉइजी."

"नॉइजी?" सरांच्या कपाळावर जुनी मास्तरकीची आठी उमटली.

"कच्ची पात हाय, सर. दाताखाली वाजते."

सरांनी हळूहळू चावून पाहिलं. पात वाजली असावी, कारण त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दुसरा घास घेतला आणि निर्मलाकडे पाहिलं, तिने पुन्हा सांगितलं. मग मला राहवेना, मी वांग्याबद्दल सांगितलं, बिया कशा कोवळ्या आहेत आणि गर कसा गोडसर आहे. मग बाकीच्याही तुटून पडल्या. चुका शंभर झाल्या असतील, सरांनी एकही काढली नाही. ते चावत होते आणि ऐकत होते. शेवटी त्यांनी निर्मलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लागली, माय. चव लागली."

आतून काकूंचा आवाज आला, "अजून भाकर टाकू का?"

"टाक," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी शेड उघडलं. नियम तोच राहिला, फक्त पहिला घास आता आमचा झाला. आम्ही चाखायचं, सांगायचं, आणि सांगण्याबरोबर सरांनी जेवायचं. आमचं इंग्रजी खरं सुधारलं ते त्या काळात. आधी मार्कांसाठी बोलत होतो, आता एका माणसाच्या पोटात चार घास जास्त जावेत म्हणून बोलत होतो. एखादीने कंटाळून 'नाइस' म्हटलं तर सर ताट बाजूला सरकवून म्हणत, "पाह्य बापा, उपाशी ठेवलं मले." ती बिचारी लगेच दुसरा शब्द शोधायला लागायची.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा सरांना अमरावतीला घेऊन गेला. शेडमध्ये आता कुणाचं तरी सोयाबीन असतं, पण भिंतीवरचा गेरू पुसट का होईना, वाचता येतो. निर्मला मानोऱ्याला एका शाळेत शिकवते आणि तिच्या वर्गातून म्हणे शनिवारी फोडणीचा वास येतो. मी पुण्यात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात आहे. परदेशी पाहुणा नाश्त्याबद्दल विचारतो तेव्हा माझे सहकारी 'व्हेरी नाइस, सर' म्हणून हसतात. मी त्याला पोह्यांतला लिंबू कुठे लागतो आणि दाणा कधी दाताखाली येतो ते सांगते. पाहुणे दुसऱ्यांदा वाढून घेतात.

सरांची चव अजून आलेली नाही. रविवारी दुपारी माझा त्यांना फोन असतो. त्यांचा प्रश्न ठरलेला, "काय खाल्लं?" मग मी सांगायचं, इंग्रजीतच, आणि त्यांनी पलीकडे जेवायचं. मधूनच थांबवून विचारतात, "हळू, माय. वरून तिखट हाय की मांगून लागते?"

गेल्या रविवारी माझी खानावळ बंद होती. मी चहा-बिस्किटांवर वेळ मारून नेली होती, सांगण्यासारखं काही नव्हतं. "सर, आज तुमीच सांगा काय खाल्लं ते," मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. आजारपणापासून हा प्रश्न त्यांना आम्ही कुणी विचारत नव्हतो.

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"भाकर," सर म्हणाले. "ज्वारीची. तुह्या काकूच्या हातची."

मी खाटेवर मांडी घालून बसले.

"फर्स्ट, द एज," सर सावकाश सांगू लागले. "इट इज बर्न्ट. अ लिटल. शी इज टॉकिंग टू मी, सो शी फरगेट्स इट ऑन द तवा. देन, गार्लिक. रॉ गार्लिक, अँड ऑइल. देन... वेट, माय. वेट."

मी फोन कानाशी धरून थांबले. खालून कुणीतरी मला हाक मारत होतं, तरी थांबले.

"नाऊ द चिली कम्स."

माझ्या तोंडून खरंच 'स्स' निघालं. तोंडाला पाणी सुटलं, नाकातून पाणी आलं, डोळ्यांतूनही आलं.

"लागली का?" सरांनी विचारलं.

"लागली, सर," मी म्हणाले.