वाफसाहेबांचा नळ

“ओ साहेब! आमनं ऊनं पानी कोनी बंद कयं?” सुरतच्या बमरोलीतल्या आमच्या मिलच्या मागच्या भिंतीशी जिजाबाई ओरडत होती. तिच्यामागे अख्खी चाळ, हातात रिकाम्या बादल्या. आवाज असा, की मिलची चिमणी थोडी वाकली. अजून तशीच आहे, जाऊन बघा.

बंद करणारा होता आमचा बॉयलर इंजिनिअर, वाफसाहेब. भिंतीबाहेर वाफेचा एक पाइप वर्षानुवर्षं गळायचा आणि त्या गरम पाण्यावर चाळ आंघोळ करायची. यानं तो गळका जोड आवळून टाकला. त्याच्या मते वाफ म्हणजे उडून चाललेला कोळसा. पाइपला कान लावून डॉक्टरसारखे डोळे मिटायचा. तिकडे बारडोलीत कुणाच्या कुकरची शिटी सैल झाली, तरी हा सुरतेत झोपेत कूस बदलायचा! जेवताना डबा उघडा राहिला की माझ्यावर खेकसायचा, “मास्तर, झाकण! सगळं जग तापवतोस का?”

मास्तर म्हणजे मी, कापडरंगाई खात्याचा डाइंग मास्तर. त्या साली परदेशातल्या एका विद्यापीठाची फेलोशिप निघाली होती. कारखान्यांत उभी हयात घासलेल्या माणसांना वर्षभर बोलावणार आणि धुरानं पृथ्वी तापतेय त्यावर उपाय शोधायला लावणार. आम्ही दोघांनीही अर्ज केले. शेठनी बजावलं, “रजा एकालाच.” मी त्याच दिवशी नवी सुटकेस आणली आणि गल्लीभर दाखवली.

इकडे वाफसाहेब जिजाबाईला म्हणाला, “वहिनी, आठ दिवस द्या,” आणि थेट माझ्या खात्यात शिरला. रंगाईची मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यानं बोट घातलं.

“मास्तर, हे पाणी स्वच्छ आहे?”

“रंगाला शिवतही नाही.”

“आणि केवढं गरम!”

“मग, माझी मशीन आहे!” मी छाती फुगवली. तिथंच मेलो.

आठवड्यात त्यानं ते पाणी पाइपानं मागच्या भिंतीपर्यंत नेलं आणि नळ बसवला. चाळीच्या आंघोळी सुरू, वाफेची गळती बंद. मुलाखतीत हा पठ्ठ्या फक्त त्या नळाबद्दल बोलला. मी अख्खं आकाश थंड करून दाखवलं. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते जांभयांनी, असं वाफसाहेब म्हणायचा. जळायचा माझ्यावर, दुसरं काय!

निवड त्याची झाली. पाणी माझ्या मशीनचं, नळ त्याचा आणि विमानही त्याचंच? त्या महिन्यात माझ्या पोटातल्या आगीवर चार बॉयलर चालले असते. शिवाय निघताना म्हणतो, “मास्तर, तुझी सुटकेस रिकामीच आहे ना?” नेली की! वर्षासाठी गेला आणि तिकडेच राहिला. सुटकेसही.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या भिंतीशी गेलो. जिजाबाई बादली भरता भरता त्याचंच गुणगान गात होती. मला राहवेना.

“जिजाबाई, हे पाणी माझ्या मशीनचं आहे बरं का!”

तिनं नळ बंद करून माझ्याकडे पाहिलं. “तुमनं? मंग इतला दिन कथा जाये ते?”

इतके दिवस ते कुठं जायचं, हे मी जरा सजवून सांगणार होतो. तेवढ्यात माझ्याच मशीनवर काम करणारा तिचा नवरा डोक्याला साबण चोळत म्हणाला, “गटारमा.”