आठ नंबरची जर्सी

कोल्हापूरचा माणूस कुस्ती बघत वाढतो म्हणतात, पण गुणवंत शिंत्रे वाढला फुटबॉल बघत. त्याच्या पेठेतल्या तालमीचा स्वतःचा संघ होता आणि त्यात तो मधल्या फळीत खेळायचा. गोल त्याच्या नावावर फारसे नाहीत. मागून आलेला चेंडू पायाशी थांबवायचा, मान वर करून बघायचं आणि पुढे ज्याला हवा त्याला द्यायचा, एवढंच त्याचं काम. पाठीवर आठ नंबर.

त्या तालमीत एक रीत होती. जुना खेळाडू थकला की सगळ्या संघासमोर आपली जर्सी नव्याच्या अंगावर घालायचा. त्या दिवसापासून तो वस्ताद. वस्तादाला कुणी उठवत नाही. मैदानाच्या कडेला त्याची खुर्ची मरेपर्यंत असते आणि पहिला चहा त्याला जातो.

१९९१ साली दुबईच्या पलीकडच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्याने गुणवंतला नेलं. कागदावर तो स्टोअरकीपर. खरं कारण वेगळं होतं. साहेबांना कंपन्यांच्या स्पर्धेतला कप हवा होता, म्हणून स्टोअरमधली एक जागा चांगल्या खेळाडूसाठी राखलेली असायची. आठवडाभर पावडरीच्या गोण्या उतरवून घ्यायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर जायचं. उतरताना तो वाकून जमिनीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा. तिथे माती नव्हती, रेती होती. पण देव काय माती बघूनच येतो? सहा वर्षांत तीन कप आले.

सातव्या वर्षी गुडघा गेला. मॅनेजर कुरियनसाहेब म्हणाले, "अब तुम सिखाओ. कोच बन जाओ." गुणवंत कोच झाला. पॅकिंग खात्यात दापोलीकडचा रफिक होता, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याच्या पायात चेंडू थांबायचा, पण मान वर व्हायची नाही. तीन महिने गुणवंतने त्याच्याकडून तेवढंच करून घेतलं. "रफिक, पायाकडं काय बघतोस? पाय कुठं पळून जाणार हाय?" पोरं हसायची. हळूहळू रफिकची मान वर झाली.

त्याच सुमारास फॅमिली व्हिसाचे कागद आत गेले होते. कंपनीने खोली द्यायचं कबूल केलं होतं. मार्चमध्ये बायको मृणालिनी पाच वर्षांच्या अवनीला घेऊन येणार होती. फोनवर ती म्हणाली, "अंबाबाईची तसबीर कापडात गुंडाळून ठेवलीय. तिला कुठल्या भिंतीवर लावायचं ते बघून ठेवा." त्याने पूर्वेची भिंत बघून ठेवली.

स्पर्धेच्या पहिल्या शुक्रवारी सगळा संघ उभा होता, कुरियनसाहेबही होते. गुणवंतने पिशवीतून आठ नंबरची जर्सी काढली आणि रफिकच्या गळ्यात घातली. त्याच्या मनात वेगळं काहीच नव्हतं. आता आपण वस्ताद झालो, इतकंच.

शनिवारी साहेबांनी बोलावलं.

"अच्छा किया, गुणवंत. तुमने खुद ही जगह छोड़ दी. मुझे बोलना नहीं पड़ा."

"कौनसी जगह, साहब?"

"स्टोअर की. प्लेयर की एक ही पोस्ट है ना. कोच का तो कंपनी में पोस्ट ही नहीं."

एसीचा आवाज येत होता. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पेपर अभी गया नहीं. बोल दो लड़का तैयार नहीं है. शर्ट वापस ले लो. खलास."

एक वाक्य बोलायचं होतं. मार्च, खोली, पूर्वेची भिंत, सगळं त्या वाक्यावर अडलं होतं. पण रफिक तयार होता, आणि घातलेली जर्सी उतरवून घेतल्याचं त्याच्या तालमीत कुणी ऐकलं नव्हतं.

"तैयार है, साहब," गुणवंत म्हणाला.

संध्याकाळी त्याने रफिकला किल्ल्या दिल्या, कुठल्या रॅकवर काय ते दाखवलं. "भाई, मला ठाऊक नव्हतं," रफिक म्हणाला.

"मला तरी कुठं ठाऊक होतं," गुणवंत म्हणाला आणि दिवा बंद केला.

मृणालिनीला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "देवीला कापडातच राहू दे म्हणजे." त्याला हो म्हणता आलं. दुःख होईल म्हणून तो वाट बघत राहिला, पण तसं काही आलं नाही. जेवला, झोपला, सकाळी उठला.

व्हिसा रद्द होण्याआधी शारजात एका शाळेत खेळाच्या सरांचा मदतनीस म्हणून काम मिळालं. पगार कमी, त्यामुळे बायको-मुलगी यायला २००१ उजाडलं. अल नहदाच्या टॉवरमध्ये एक खोली. अंबाबाई पश्चिमेच्या भिंतीवर बसली, कारण पूर्वेला खिडकी होती. शुक्रवारी तो इमारतीमागच्या रेतीवर मुलांना खेळवायचा. "मान वर," तो ओरडायचा. अवनी म्हणायची, "बाबा, आय नो."

२००४ च्या हिवाळ्यात रफिक तिथे आला. अंगाने भरलेला, किंचित लंगडत. कारखान्याचा संघ बंद झाला होता. त्याने पिशवीतून जर्सी काढली. आठचा आकडा उडालेला.

"पाय गेल्यावर कुणाला दिली नाही मी," तो खाली बघत म्हणाला. "नोकरी राखली. तुमच्याकडे बघून शहाणा झालो, वस्ताद."

वस्ताद. हा शब्द त्याला या देशात पहिल्यांदा कुणी म्हटला होता. गुणवंतने मनात चाचपून पाहिलं. राग नव्हता, आनंदही नव्हता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पोरंबाळं हायत तुला."

मग त्याने शिट्टी फुंकली. कोपऱ्यावर खूण करायला काही नव्हतं, तेव्हा जर्सी तिथल्या लोखंडी सळीला बांधली. मृणालिनीने वरून थर्मास पाठवला होता. त्याने पहिला कप भरून रफिकच्या हातात दिला आणि मुलांकडे वळला.

"मान वर."