दूरच्या कोपऱ्यातली माती

पाटपाण्यासाठी जमीन पारखण्याचे काम मी पन्नाशीत शिकलो. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या एका शेतावर मी माती तपासत असताना शेजारचा एक वृद्ध शेतकरी आला. तो एका जागी उभा राहत नव्हता, सगळीकडे हिंडून पाहत होता. माती पाहण्यासाठी मी खणलेले खड्डे पाहून तो म्हणाला, "मेट, सगळे गाडीवाटेच्या कडेलाच? पाणी काय गाडीत बसून जाणार आहे?"

दूरच्या कोपऱ्यातली माती भिजवून त्याने अंगठा आणि बोटात दाबत तिची पट्टी काढली; चिकण माती असती तर ती लांबली असती. ती लगेच तुटली. जवळजवळ वाळूच; चरातले पाणी पुढे न जाता तिथेच मुरले असते.

सोमवारी चर खणायला यंत्र येणार होते. शेताची मालकीण माझ्या होकारासाठी ताटकळली होती. शरमेने त्या म्हाताऱ्याचे नाव विचारण्याचा धीर मला झाला नाही; मालकिणीला मात्र सांगितले, "यंत्र थांबवा. माझी तपासणी चुकली."